पाळलेली टर्की आणि रानातली टर्की

आभाळात घार दिसली की कोंबडी निराळाच आवाज काढते आणि पिले चटकन दडतात. खेड्यात हे कोणाला सांगायला नको. पण एवढ्याशा गोष्टीची किंमत अमेरिकेतल्या मिसूरी राज्याला बऱ्याच खर्चाने कळली. त्याचीच ही हकिकत.

टर्की हा कोंबडीच्याच कुळातला, पण चांगला थोराड रानपक्षी. जंगले तुटली, शिकारीला धरबंध राहिला नाही, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो अमेरिकेच्या बऱ्याच भागांतून नाहीसा झाला. सरकारी मंडळींना वाटलं, यात अवघड ते काय? अंडी उबवावी, पिले वाढवावी अन् द्यावी रानात सोडून! १९२५ ते १९४३ पर्यंत मिसूरीत असे सुमारे १४ हजार पक्षी सोडले. रान मात्र रितेच राहिले.

असं का व्हावं? प्राणिशास्त्रज्ञ स्टार्कर लिओपोल्ड यांनी मिसूरीतल्या रानटी आणि पाळीव रक्ताच्या टर्कींची तुलना करून १९४४ मध्ये निष्कर्ष मांडले. अंगाच्या मानाने रानटी वाणाचा मेंदू मोठा निघाला. आईचा इशारा मिळताच रानटी पिले जागच्या जागी दबून बसत. संकरित पिलांत ती चपळाई नव्हती. शिवाय पिंजऱ्यात वाढलेल्याला ना कोल्ह्याची ओळख, ना चारा शोधायची सवय. आयते दाणे टाकणारा माणूसच त्याचा सोयरा!

मग उपाय उलटा केला. उरलेल्या खऱ्या रानपक्ष्यांपैकी थोडे धरून दुसऱ्या रानात न्यायचे. पण ते हाती लागणार कसे? पाणपक्ष्यांसाठी निघालेली एक युक्ती कामी आली. दाणे पसरायचे, पक्षी जमले की दारूच्या बाराने त्यांच्यावर जाळे फेकायचे. १९५१ मध्ये दक्षिण कॅरोलिनात या जाळ्याने टर्की पकडल्या. मिसूरीने १९५४ पासून तोच मार्ग धरला. १९७९ पर्यंत तिथे केवळ २,६११ पक्षी हलवले, तेही १४२ ठिकाणी वाटून. जोडीला शिकारीवर बंधने आणि जंगलाची राखण होतीच. एवढ्या बियाण्यावर राज्यभर टर्की पसरली.

१४ हजारांनी जे साधले नाही, ते अडीच हजारांनी साधले! पण शिक्षकबंधूंनी मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. हे बियाणे दुर्गम डोंगरांत तगून राहिलेल्या मूठभर थव्यांचे होते. तेही संपले असते, तर कितीही पिंजरे बांधून ते परत आले नसते. म्हणून रानातले रानात आहे, तोवरच राखावे.