एका तासाचा राजपुत्र

मंडळी, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड येतात, लढाया येतात, सनावळी येते. पण लहानपणी ज्या खेळात आपण रमलो त्यालाही इतिहास असतो, हे सहसा ध्यानात येत नाही. आज मी तुम्हांला अशाच एका खेळाची हकीकत सांगणार आहे. हा खेळ अंगणातला नव्हे, संगणकाच्या पडद्यावरचा आहे. त्याचे नाव ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, म्हणजे इराणचा राजपुत्र.

आता तुम्ही म्हणाल, “मास्तर, पोरं आधीच मोबाइल खाली ठेवत नाहीत, आणि तुम्ही त्यांच्या खेळाची पोथी सांगता?” तक्रार खोटी नाही. पण आधी ऐका, मग काय ते ठरवा.

१९९० नंतरच्या त्या दशकात आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी संगणक म्हणजे नवल होते. वर्गात यंत्र एक आणि मुले पाच. चपला बाहेर काढून आत जायचे. शिकवणी संपली की कोणीतरी खिशातून एक चौकोनी फ्लॉपी काढी आणि पडद्यावर तळघर दिसू लागे. गोष्ट साधी होती. सुलतान परमुलखी लढाईवर गेला आहे. त्याचा वजीर जाफर राजकन्येला सांगतो, माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर; विचाराला एक तास. तिचा सखा तळघरात कैद आहे. त्याने भाले चुकवीत, दऱ्या ओलांडीत, पहारेकऱ्यांशी लढत तासाच्या आत मनोऱ्यावर पोहोचावयाचे. मेलात तर पुन्हा उठता येई, पण गेलेली मिनिटे काही परत मिळत नसत. साठ म्हणजे साठच!

हा खेळ जॉर्डन मेक्नर नावाच्या अमेरिकन तरुणाने रचला. १९८४ साली, येल विद्यापीठात शिकत असतानाच, त्याचा ‘कराटेका’ हा खेळ बाजारात आला होता. १९८५ साली पदवी घेतल्यावर त्याने हे नवे काम हाती घेतले. त्या वेळी पडद्यावरची माणसे कळसूत्री बाहुल्यांसारखी चालत. मेक्नरला खरे माणूस धावताना हवे होते. त्याने काय करावे? धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला, भिंतीला लोंबकळायला लावले आणि त्याचे चित्रण केले. मग ते चित्रण दूरदर्शनसंचावर एकेक क्षण थांबवून त्याची छायाचित्रे घेतली, त्यांवरून आकृती गिरवल्या आणि त्या संगणकात भरल्या. तलवारबाजी मात्र १९३८ च्या ‘रॉबिन हूड’ चित्रपटातील द्वंद्वावरून उतरवली. संगीत रचले वडिलांनी, फ्रान्सिस मेक्नर यांनी. व्हिएन्नात जन्मलेल्या या ज्यू गृहस्थांना लहानपणीच नाझींच्या भयाने घरदार सोडावे लागले होते. म्हणजे पडद्यावर जो राजपुत्र धावत होता, त्याचे पाय भावाचे आणि सूर वडिलांचे. घरच्या माणसांनीच तो उभा केला, म्हणा ना!

गोष्टीचे बी अरबी सुरस कथांतले आणि १९४० च्या ‘थीफ ऑफ बगदाद’ या चित्रपटातले. त्यातही दुष्ट वजीर जाफरच आहे. आणि बरं का, त्या चित्रपटात चोराचे काम करणारा साबू हा आपल्या म्हैसूर संस्थानातला माहुताचा मुलगा होता. गोष्टी अशा गावोगाव हिंडतात.

आता या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग सांगतो. मेक्नर ज्या ॲपल यंत्रावर काम करीत होता त्याची स्मृती फार थोडी. आज साध्या मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्राला जेवढी जागा लागते, तेवढीही तिच्यात नव्हती. राजपुत्राच्या आकृतींनीच ती भरली. पण खेळाला शत्रू हवा, असा टॉमी पिअर्स या सहकारी बाईंनी हट्ट धरला. नवे पात्र आणावे तर जागा नाही. तेव्हा मेक्नरने युक्ती केली. राजपुत्राचीच आकृती किंचित सरकवून तिच्यावरच टाकली, आणि जेथे दोन्ही जुळतील तेथे ती पुसली जाईल असे केले. उरली ती एक झगमगती, भुतासारखी छाया. अशी सावलीची व्यक्तिरेखा जन्मली. पुढे काटकसर करून पहारेकऱ्यांनाही जागा झाली. पण खेळाचा प्राण झाली ती सावलीच. राजपुत्र आरशातून आरपार उडी घेतो, तेव्हा त्याचीच सावली बाहेर पडते. ती त्याचे औषध पिऊन टाकते, ऐन वेळी दार बंद करते आणि शेवटाकडे तलवार घेऊन समोर उभी राहते.

येथे आम्ही सगळे अडलो. सावलीवर वार केला की आपलेही बळ घटे. ती मेली की आपणही मरू. कित्येक दिवस आम्ही चवताळून लढलो आणि मेलो. एके दिवशी आमच्यातला एक अबोल मुलगा यंत्रापुढे बसला. त्याने तलवार म्यान केली आणि सरळ सावलीकडे चालत गेला. सावलीनेही तलवार म्यान केली, दोघे एक झाले, आणि पुढे जेथे पोकळी होती तेथे पावलागणिक वाट उमटू लागली. त्या दिवशीची ती शांतता मला अजून आठवते.

१९८९ साली खेळ बाजारात आला, तेव्हा ते ॲपल यंत्रच मागे पडू लागले होते. चार वर्षांच्या कष्टानंतर खप थोडाच झाला. १९९० पासून इतर यंत्रांवर तो गेला आणि मग देशोदेशी पसरला. १९९३ साली दुसरा भाग आला. २००३ साली माँट्रियलच्या कलावंतांनी, मेक्नरलाच सोबत घेऊन, ‘सँड्स ऑफ टाइम’ हा नवा अवतार काढला. त्याची सुरुवात हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या राजवाड्यावरील हल्ल्याने होते, आणि नायिका फराह ही त्या महाराजाची मुलगी आहे. राजपुत्राच्या हाती एक खंजीर येतो, त्याने काळ मागे फिरवता येतो. आम्ही तोवर नोकरीधंद्याच्या वयाला आलो होतो. लहानपणी जो खेळ मिनिट परत देत नव्हता, तोच आता काळ मागे फिरवू देत होता; त्याची ओढ आम्हांला वाटली यात नवल ते काय! याच खेळाची नवी आवृत्ती करण्याचे काम २०२० साली जाहीर झाले तेव्हा ते पुण्या-मुंबईच्या मंडळींकडे होते. २०२२ साली ते माँट्रियलला गेले. आणि २०२४ च्या ‘लॉस्ट क्राउन’मध्ये या मालिकेतली पात्रे प्रथमच फारसीत बोलली. इराणच्या राजपुत्राच्या खेळाला इराणची भाषा मिळावयास पस्तीस वर्षे लागली.

मूळ खेळाच्या आज्ञावलीचे काय झाले? ती हरवली असेच मेक्नर धरून चालला होता. २०१२ साली वडिलांना घरातल्या कपाटात मागे पडलेली एक पेटी सापडली. तीत जुन्या फ्लॉप्या होत्या. त्या जपून वाचल्या गेल्या आणि आज्ञावली सर्वांसाठी खुली झाली. लहानपणी ज्याला घर सोडावे लागले, त्याच माणसाच्या कपाटाने मुलाचे काम राखून ठेवले. इतिहास कित्येकदा असाच टिकतो, मंडळी. तो दफ्तरखान्यापेक्षा घरातल्या पेटीत अधिक असतो.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलांनी दिवसभर खेळावे असे मी म्हणत नाही. डोळे, झोप आणि अभ्यास ही आधी. पण पडद्यापुढच्या मुलाशी आपण रोज तलवार उपसून उभे राहतो, आणि दोघेही घायाळ होतो. एकदा म्यान करून पाहा. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, “हा खेळ कोणी केला रे? ही माणसं धावतात कशी? ही गोष्ट कुठली?” मुलाला उत्तर ठाऊक नसेल, बहुधा तुम्हांलाही नसेल. मग दोघे मिळून ते शोधा. इतिहासाचा तास तेथूनच सुरू होईल.