सुरमा, अर्क आणि स्कॉच

गेल्या हिवाळ्यात एका जुन्या मित्राकडे जेवायला गेलो होतो. त्याने कपाटातून १८ वर्षं मुरलेल्या सिंगल माल्टची बाटली काढली. मी पीत नाही, हे त्याला तरुणपणापासून ठाऊक आहे. तरी बुडाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असा एक छोटा ग्लास त्याने माझ्यापुढे सरकवला. म्हणाला, "पिऊ नकोस, पण वास तर घे. यातली निम्मी मजा नाकातच असते."

मी वास घेतला. आधी नाकाला झोंबलं. त्याने थेंबभर पाणी घातलं, तेव्हा मनुका, मध, जुनं लाकूड असं काहीबाही हळूहळू जाणवू लागलं. तेवढ्यात शेजारी बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, अल्कोहोल हा शब्दच तुमचा. दारू तुमच्याच लोकांनी शोधली आणि तुम्हीच हराम म्हणता!" सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर पुतण्याला हा किस्सा सांगितला, तर तो गंभीर झाला. "चाचा, हे कुठे लिहू-बिहू नका. उगाच आपली बदनामी."

एकाला यात टोमणा सापडला, दुसऱ्याला बदनामी. इतिहास मात्र दोघांनीही पाहिला नव्हता.

शब्दापासून सुरुवात करू. अरबीत 'अल-कुहल' म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. तो खनिज अगदी बारीक वाटून करतात. युरोपातल्या किमयागारांनी हा शब्द उचलला आणि कुठल्याही अतिबारीक पुडीला, पुढे कुठल्याही पदार्थाच्या सत्त्वाला तो लावला. १६व्या शतकात पॅरासेल्ससने तो वाइनच्या सत्त्वासाठी वापरला. म्हणजे शब्द अरबी खरा, पण त्यात दारू भरली ती युरोपने.

यंत्राची गोष्टही अशीच आहे. ऊर्ध्वपातनाचं भांडं इस्लामच्या आधीपासून अलेक्झांड्रियातल्या ग्रीक भाषक किमयागारांकडे होतं. त्यांच्या 'अंबिक्स'ला अरबांनी 'अल-अंबीक' केलं आणि त्यावर भरपूर काम केलं. अर-राझीने आपल्या ग्रंथात या उपकरणांची माहिती दिली. ९व्या शतकात बगदादच्या अल-किंदीच्या नावावर सुगंधी द्रव्यांचं एक पुस्तक आहे, त्यात शंभराहून अधिक कृती आहेत. इराणातल्या फार्स प्रांतातलं गुलाबपाणी दूरदूरच्या देशांत विकलं जाई. वाफ झाकणाला लागून थेंब सुटतात, ते घामासारखे दिसतात. घामाला अरबीत 'अरक' म्हणतात. आपल्या मराठीतला औषधाचा 'अर्क' तोच. एखाद्या इरसाल माणसाला आपण 'अर्क आहे' म्हणतो, तेव्हाही नकळत याच भांड्याचं झाकण उघडत असतो.

१२व्या शतकात अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरं झाली. त्याच शतकात इटलीत सालेर्नोच्या वैद्यांच्या वर्तुळात वाइनपासून काढलेल्या अर्काच्या नोंदी दिसू लागतात. तो औषध म्हणून वापरला जाई. त्याचं लॅटिन नाव 'अक्वा व्हिटे', म्हणजे जीवनजल. स्कॉटलंडच्या राजकोषाच्या हिशेबात १४९४ साली जॉन कॉर नावाच्या धर्मबंधूला हे जीवनजल बनवण्यासाठी माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं बार्ली, दिल्याची नोंद आहे. पुढे १५०५ मध्ये एडिंबरामध्ये ते बनवण्याचा हक्क न्हावी-शल्यचिकित्सकांच्या संघाकडे होता. जीवनजलाला तिथल्या गेलिक भाषेत 'उश्के बेहा' म्हणत. त्यातूनच 'व्हिस्की' आली.

पण ती व्हिस्की माझ्यासमोरच्या ग्लासातली नव्हे. तांब्याच्या भांड्यातून निघालेला अर्क पाण्यासारखा बिनरंगी आणि जहाल असतो. त्याला रंग आणि बराचसा गंध येतो तो ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं पडून राहिल्याने. किमान किती मुरवायचं याची कायद्याने सक्ती झाली ती फार उशिरा, पहिल्या महायुद्धात, १९१५ साली. आधी दोन वर्षं, मग लगेच तीन. बाटलीवरचा आकडा हा तिच्यातल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचं वय असतो. मुरताना दरवर्षी साधारण दोन टक्के माल उडून जातो. त्याला तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. हे वाचून मला हसू आलं. आमच्या फरिश्त्यांना हे कुणी विचारलं होतं का?

आणि मला आलेला मनुकांचा तो वास? मित्राची व्हिस्की शेरीच्या पिंपात मुरलेली होती. शेरी हे नाव स्पेनमधल्या हेरेस शहरावरून आलं. ते १३व्या शतकापर्यंत मुस्लिम सत्तेखाली होतं आणि त्याचं अरबी नाव होतं 'शरीश'. त्या ग्लासात शब्द अरबी, भांडं ग्रीक, पिंप अंदालुसी आणि धान्य स्कॉटिश होतं. यातलं 'तुमचं' नेमकं काय आणि 'आमचं' काय?

त्या गृहस्थांना मी एवढंच सांगेन की आंबवलेली दारू माणूस फार पूर्वीपासून पितो आहे. इस्लामपूर्व अरबस्तानातही ती होती, नाहीतर बंदी कशावर आली असती? बगदादच्या विद्वानांनी वाफेला पकडण्याची विद्या पुढे नेली. त्या वाफेतून गुलाब काढायचा, औषध काढायचं की नशा, हे ज्याचं त्याने ठरवलं.

पुतण्याशी बोलणं जास्त गरजेचं होतं. मद्यात माणसांसाठी काही फायदे आहेत, पण त्यातला गुन्हा फायद्याहून मोठा आहे, असं खुद्द कुरआन सूरह बकरामध्ये मानतं. नकार देतानाही समोरच्या गोष्टीत काय आहे हे तिथे लपवलेलं नाही. मग आपण आपला इतिहास का लपवायचा? न पिणं हा माझा निर्णय आहे. त्यासाठी अज्ञानाचा आधार लागत नाही.

जुम्म्याच्या दिवशी तो नमाजला निघाला होता. कानामागे 'अल्कोहोल-फ्री' अत्तर. मी म्हटलं, "कनौजला हे ज्या तांब्याच्या देगेत निघतं ना, तिची एक चुलत बहीण स्कॉटलंडात आहे."

तो थांबला. मनगट नाकाशी नेऊन म्हणाला, "परत आलो की सांगा."