मराठी वृत्तपत्रे : स्वभूमीत आणि परमुलखात – खानदेशच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकर यांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले आणि मराठी वृत्तपत्रसृष्टीचा प्रारंभ झाला. त्यापूर्वी चौदा वर्षे, म्हणजे १८१८ साली, बंगालमधील श्रीरामपूर येथून ‘समाचार दर्पण’ हे बंगाली पत्र निघू लागले होते. बंगाली वृत्तपत्रे पुढे बंगाली माणसाबरोबर समुद्रापार गेली. लंडनमध्ये १९६९ साली ‘जनमत’ आणि न्यूयॉर्कमध्ये १९९० साली ‘ठिकाना’ ही साप्ताहिके निघाली. मराठी माणूसही बडोदे, इंदूर, हैदराबाद येथे, तसेच इस्राएल आणि अमेरिकेत जाऊन स्थिरावला. मात्र त्याच्या वृत्तपत्रांचा इतिहास आपण बहुधा मुंबई-पुण्यापुरताच सांगतो. ‘दर्पण’, ‘प्रभाकर’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘केसरी’ आणि ‘सकाळ’ या टप्प्यांनी तो पूर्ण झाला असे मानले जाते.

या केंद्रांपासून दूर मराठी वृत्तपत्र कोणत्या बळावर उभे राहिले, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणची, महाराष्ट्राबाहेरील प्रांतांतील आणि परदेशातील अशा तीन प्रकारच्या पत्रांचा विचार येथे केला आहे. भाषेवरील प्रेम वृत्तपत्र जगवण्यास पुरेसे नसते; एका ठिकाणी वसलेला वाचकवर्ग आणि त्याला भिडणारा सार्वजनिक प्रश्न या दोन्ही गोष्टी लागतात, हे येथील प्रतिपादन होय.

खानदेशातील वृत्तपत्रे :

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धुळ्याहून ‘खानदेश वैभव’ आणि जळगावहून ‘प्रबोध चंद्रिका’ ही साप्ताहिके निघत. मुंबई सरकार देशी वृत्तपत्रांवर लक्ष ठेवून असे. सरकारी भाषांतरकार दर आठवड्यास या पत्रांतील निवडक मजकुराचा इंग्रजी गोषवारा तयार करीत. १८७८ च्या देशी वृत्तपत्र कायद्याने हा पहारा अधिक कडक झाला. तो कायदा १८८२ मध्ये रद्द झाला, पण गोषवाऱ्यांची पद्धत चालू राहिली.

खानदेशच्या अभ्यासकाला आज या पत्रांची ओळख पुष्कळदा अशा गोषवाऱ्यांतूनच होते. भाषांतरकाराने सरकारला महत्त्वाचे वाटेल तेच टिपले आहे : सारा, दुष्काळ, मामलेदार आणि पोलीस यांच्याविषयीच्या तक्रारी. बाजारभाव, जाहिराती, शाळांच्या हकिकती, निधनवार्ता आणि वाचकांची पत्रे यांना तेथे क्वचितच स्थान मिळाले. स्थानिक समाजाचे चित्र उभे करणारा मजकूर नेमका हाच होता. परिणामी खानदेशचे वृत्तपत्र आपल्यापुढे केवळ तक्रारदार म्हणून येते. त्याचा शेजाऱ्याचा चेहरा हरवतो.

रेल्वे आणि टपाल यांचा परिणाम दुहेरी झाला. १८६० च्या दशकात जळगाव-भुसावळ भागात रेल्वे आली आणि पुण्या-मुंबईची पत्रे खानदेशात लवकर पोहोचू लागली. शिरपूर तालुक्याची स्थिती मात्र निराळी राहिली. तापीच्या उत्तरेस, मुंबई-आग्रा रस्त्यावरील या गावी रेल्वे नाही. जवळचे नरडाणा स्थानक नदीच्या दक्षिणेस आहे. हाच रस्ता उत्तरेकडे सेंधव्यावरून इंदूरला जातो. पुणे आणि होळकरांचे इंदूर अशा दोन मराठी केंद्रांच्या मधला हा मुलूख होय.

खानदेश केवळ बाहेरची पत्रे घेणारा प्रदेश नव्हता. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली जळगावहून ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक काढले आणि ते १९३५ पर्यंत चालले. १९०७ साली पहिले मराठी कविसंमेलन जळगावी भरले, त्यामागेही ही भूमिका होती. साने गुरुजींचे उदाहरण अधिक बोलके आहे. अमळनेरच्या वसतिगृहात त्यांनी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालविले, पुढे ‘विद्यार्थी’ मासिक काढले आणि १९३८ मध्ये अमळनेरहूनच ‘काँग्रेस’ साप्ताहिक सुरू केले. शेतकरी आणि गिरणी कामगार यांचे प्रश्न हा या साप्ताहिकाचा प्राण होता. पुढे १९४८ मध्ये ‘साधना’ काढण्यासाठी गुरुजींनी मुंबई निवडली. मोठ्या व्यासपीठासाठी खानदेशच्या संपादकाला केंद्राकडे जावे लागले, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे.

भाषेचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. खानदेशातील बहुसंख्य घरांत अहिराणी आणि सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल व पावरा समाजाच्या बोली बोलल्या जात. वृत्तपत्राची मराठी मात्र पुणेरी वळणाची होती. वाचता येणाऱ्या खानदेशी माणसालाही ती घरची भाषा नव्हती. ती शाळेची आणि कचेरीची भाषा होती. लंडनमधील बंगाली वाचकांची स्थिती याहून फार वेगळी नाही. त्यांतील बहुतेक सिलहटचे. घरी सिलेटी बोलणारे आणि वृत्तपत्र प्रमाण बंगालीत वाचणारे. या अर्थाने खानदेशी वाचक स्वभूमीत असूनही वृत्तपत्राच्या भाषेत काहीसा परमुलखातच होता.

महाराष्ट्राबाहेरील मराठी वृत्तपत्रे :

बेळगावात ‘बेळगाव समाचार’ १८६३ मध्ये आणि बाबूराव ठाकूर यांचे ‘तरुण भारत’ १९१९ मध्ये सुरू झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर सीमाप्रश्नाने तेथील मराठी वृत्तपत्राला सार्वजनिक कार्य नेमून दिले. निजामाच्या हैदराबादेत १९२० साली लक्ष्मणराव फाटक यांचे ‘निजाम विजय’ निघाले. बडोद्यात भगवंतराव पाळेकर यांनी १९१७ पासून ‘जागृति’ चालविले. सत्यशोधक विचाराचे हे साप्ताहिक १९४९ मध्ये बंद झाले. बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेही याच वर्षी.

गोव्याचे उदाहरण सर्वांत उद्बोधक आहे. पोर्तुगीज राजवटीत १८७० साली ‘आनंदलहरी’ निघाले. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांच्या ‘भारत’ने पुढे निर्भीड परंपरा घडविली. मुक्तीनंतर १९६२ मध्ये ‘गोमन्तक’ दैनिक सुरू झाले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात ‘गोमन्तक’ने महाराष्ट्रातील विलीनीकरणाचा पुरस्कार केला, तर ‘राष्ट्रमत’ने विरोध केला. ही दोन्ही दैनिके मराठी होती. म्हणजे मराठी वृत्तपत्र हे केवळ मराठी अस्मितेचे मुखपत्र नव्हते. मतभेद मांडण्याची ती जागा होती.

परदेशातील मराठी नियतकालिके :

परदेशाशी मराठी वृत्तपत्राचा आरंभीचा एक संबंध बातमीपत्रांचा आहे. वि. दा. सावरकरांनी लंडनहून पाठविलेली बातमीपत्रे ‘विहारी’ आणि ‘काळ’ यांतून प्रसिद्ध होत. येथे लेखक परदेशी असला तरी वाचक मायदेशीच होता.

पुढे परदेशातच मराठी वाचक निर्माण झाला. १९४८ नंतर इस्राएलमध्ये स्थलांतरित झालेल्या बेने इस्राएल समाजाने ‘मायबोली’ हे त्रैमासिक चालविले. उत्तर अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस टोरांटोहून ‘एकता’ त्रैमासिक निघू लागले. ही नियतकालिके त्रैमासिके आहेत, साप्ताहिके नाहीत, हा फरक अर्थपूर्ण आहे. पूर्व लंडनमधील बंगाली वस्ती दाट होती. तेथे दुकाने, उपाहारगृहे आणि म्हणून जाहिरातदार होते. बांगलादेशच्या मुक्तिलढ्यासारखा तातडीचा प्रश्न होता. अमेरिकेतील मराठी माणूस बहुधा डॉक्टर किंवा अभियंता; तो दूरदूरच्या उपनगरांत विखुरलेला, दैनंदिन बातमी इंग्रजीतून घेणारा. त्याला मराठीतून बातमी नको होती. आठवण, कथा आणि सहवास हवा होता.

निष्कर्ष :

१) केंद्राबाहेर मराठी वृत्तपत्र तेथेच रुजले, जेथे एकत्रित वस्ती आणि सार्वजनिक प्रश्न दोन्ही होते. बेळगाव, गोवा आणि अमळनेर यांत हे साम्य आहे.

२) जेथे केवळ भाषाप्रेम उरले, तेथे वृत्तपत्राची जागा वाङ्मयीन नियतकालिकाने घेतली.

३) खानदेशातील पत्रांचे मूल्यमापन सरकारी गोषवाऱ्यांवर विसंबून करणे अपुरे आहे. मूळ अंक मिळवून वाचणे आवश्यक आहे.

धुळे येथे १९२७ साली स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने जुनी दप्तरे आणि हस्तलिखिते गोळा करून इतिहासाची साधने वाचविली. ज्या घरांनी, वाचनालयांनी आणि छापखान्यांनी जुने अंक ठेवले आहेत, तेथे वाळवी, ओल आणि रद्दी या तिन्हींचे भय आहे. बखरी आणि मोडी कागद यांना जी प्रतिष्ठा मिळाली, ती तालुक्याच्या साप्ताहिकालाही मिळावयास हवी. तसे झाले नाही, तर खानदेशच्या दीडशे वर्षांचा इतिहास पुण्याच्या संपादकाने आणि मुंबईच्या भाषांतरकाराने पाहिला तेवढाच उरेल. महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी आपापल्या तालुक्यातील उपलब्ध अंकांची सूची करणे, ही या कामाची पहिली आणि आवाक्यातील पायरी होय.