तळटीप १४ : मिलो-रोग

१४. मिलो हा अमेरिकेतील कॅन्सस-टेक्सस पट्ट्यात रुजलेला ज्वारीचा गट. १९७२च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली तांबडी ‘मिलो’ आपल्याकडील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. मूळ मजकुरातील साथ मात्र त्याआधीची, १९२०च्या दशकाच्या मध्याची आहे. मुळे आणि खोडाचा तळ सडून उभी ताटे मरू लागली. कारण होते जमिनीत राहणारी पेरिकोनिया सर्सिनेटा ही बुरशी.

सहसा रोग थोपवणारे जनुक झाडाजवळ असावे लागते. इथे सारे उलटे आहे, आणि ते ध्यानात घेतल्याशिवाय लेखकाचा पुढचा परिच्छेद उलगडत नाही. बुरशी एक विष सोडते; ते बाधते फक्त ‘पीसी’ हे जनुक असलेल्या झाडांना. विलक्षण गोष्ट अशी, की पीसीची घडण इतर पिकांत रोगाशी लढणाऱ्या जनुकांसारखीच आहे. सारख्या घडणीच्या तीन जनुकांच्या रांगेत ते मधले. गुणसूत्रांची अदलाबदल होताना जोडणी क्वचित सरकते, मधले जनुक गळते आणि त्या झाडाच्या संततीत विषाला बळी न पडणारी रोपे निपजतात. सडलेल्या शेतांत तगून राहिलेली तुरळक ताटे अशीच होती. त्यांचेच बी राखून नवे वाण निघाले. जनुक गळण्याची ही रीत २००८मध्ये स्पष्ट झाली.

वाचकांनी हा नियम आपल्याकडील खडखड्या रोगाला लावू नये. त्याच्या प्रतिकारात अनेक जनुकांचा वाटा असतो.