मुक्काम कोठे?

हार्ले-डेव्हिडसनच्या लांब पल्ल्याच्या मोटारसायकलींचा इतिहास बहुधा सुखसोयींच्या चढत्या क्रमाने सांगितला जातो. १९४९च्या ‘हायड्रा-ग्लाइड’ने पुढच्या चाकाचे हादरे सौम्य केले, १९५८च्या ‘ड्युओ-ग्लाइड’ने मागच्या चाकाचे. १९६५च्या ‘इलेक्ट्रा-ग्लाइड’ला विजेचा स्टार्टर आला आणि किक मारण्याचे कष्ट संपले. मोकळा रस्ता आणि त्यावरचा मुक्त स्वार ही प्रतिमा या यंत्रांभोवती उभी राहिली. आम्हांला ती अपुरी वाटते.

बेसी स्ट्रिंगफील्ड या कृष्णवर्णीय स्त्रीने १९३०च्या दशकापासून मोटारसायकलवरून अमेरिका पालथी घातली. आयुष्यभरात तिने २७ हार्ले वापरल्या, असे सांगितले जाते. दुसऱ्या महायुद्धात ती लष्कराचे टपाल पोहोचवीत असे. पण हॉटेले तिला दार उघडत नसत. तिच्याच सांगण्यानुसार, एखाद्या कृष्णवर्णीय कुटुंबाकडे आसरा मिळाला नाही, तर ती पेट्रोलपंपावर गाडी उभी करी, हँडलवर जाकीट उशाला ठेवी, मागच्या मडगार्डवर पाय टेकवी आणि तशीच झोपे.

हॉटेलांतील वर्णभेदाला देशभर बंदी घालणारा नागरी हक्क कायदा १९६४ साली झाला. म्हणजे ‘इलेक्ट्रा-ग्लाइड’च्या जेमतेम वर्षभर आधी. बेसीच्या प्रवासाच्या दृष्टीने पाहिले, तर या दोहोंत मोठी सुधारणा कोणती, हे सांगण्याची गरज नाही.

प्रवासवर्णने शिकवताना आपण रस्त्याची वर्णने रंगून वाचतो. रात्री मुक्काम कोठे झाला आणि दार कोणी उघडले, हेही विचारायला हवे.