किनारी मैदानाचा करार : आर्क्टिक अभयारण्य आणि अमेरिकी काँग्रेस

अलास्काच्या ईशान्य कोपऱ्यात, ब्रुक्स पर्वतरांग आणि ब्यूफोर्ट समुद्र यांच्या दरम्यान, एक अरुंद किनारी मैदान पसरलेले आहे. हा टुंड्रा प्रदेश आहे. म्हणजे येथील जमीन खोलवर बारमाही गोठलेली असून तिच्यावर शेवाळ, गवत आणि खुरट्या झुडपांचा पातळ थर तेवढा जगतो, आणि अवजड यंत्रांच्या चाकोऱ्या त्यात दशकानुदशके उमटून राहतात. पॉर्क्युपाइन नदीच्या नावाने ओळखला जाणारा कॅरिबूंचा, अर्थात रेनडियरच्या जातीतील रानटी हरणांचा, कळप उन्हाळ्याच्या तोंडावर शेकडो मैल चालून येथे विण्यासाठी येतो. कारण येथे कोवळा चारा मिळतो, समुद्रवाऱ्यामुळे डासांचा त्रास कमी असतो आणि शिकारी श्वापदेही डोंगराळ भागापेक्षा कमी असतात. दक्षिणेकडील ग्विचिन या मूलनिवासी समाजाचे अन्न, वस्त्र आणि आचारविचार या कळपाशी बांधलेले असल्याने विणीची ही भूमी ते पवित्र मानतात.

ओलॉस आणि मार्गारेट म्यूरी या निसर्गाभ्यासक दांपत्याने १९५६ साली शीन्जेक नदीच्या खोऱ्यात मोहीम काढली आणि पुढे या प्रदेशाच्या रक्षणासाठी लोकमत जागवले, त्याचे फळ म्हणून आयझेनहॉवर यांच्या प्रशासनाने डिसेंबर १९६० मध्ये ८९ लाख एकर क्षेत्र राखीव केले. मात्र १९६८ साली पश्चिमेस प्रुडो बे येथे प्रचंड तेलसाठा सापडला, १९७३ च्या अरब देशांच्या तेलबंदीने अमेरिकेला टंचाईची धास्ती बसली, १९७७ साली अलास्का ओलांडणारी तेलवाहिनी सुरू झाली आणि किनारी मैदानाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली.

१९८० च्या अलास्का भूमी कायद्याने हे राखीव क्षेत्र, म्हणजेच आताचे आर्क्टिक अभयारण्य, दुपटीहून अधिक वाढवले आणि सुमारे ८० लाख एकरांस ‘वाइल्डरनेस’ हा दर्जा दिला, ज्यात रस्ते, बांधकामे आणि उद्योग यांना मज्जाव असतो. परंतु त्याच कायद्याच्या १००२ व्या कलमाने किनारी मैदानाचे १५ लाख एकर या दर्जाबाहेर ठेवून तेथील तेलाचा अभ्यास करण्यास सांगितले, आणि १००३ व्या कलमाने, काँग्रेस स्वतंत्र कायदा करेपर्यंत, उत्खननास बंदी घातली. अभयारण्याच्या जैविक जीवनाचा गाभाच अशा रीतीने तडजोडीत अनिर्णित राहिला, आणि पुढची चार दशके त्या एका निर्णयाची किंमत मोजण्यात गेली.

१९८७ साली अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार खात्याने (डिपार्टमेंट ऑफ द इंटिरियर) उत्खननाची शिफारस केली, तेव्हा १९८८ मध्ये अलास्का आणि कॅनडातील ग्विचिन गावांनी आर्क्टिक व्हिलेज येथे एकत्र येऊन विरोधाचा निर्णय घेतला. मैदानाच्या किनाऱ्यावरील काकतोविक येथील इन्युपियाट या मूलनिवासी समाजाचे अनेक रहिवासी रोजगार आणि शाळा-दवाखान्यांसाठी तेलाचे समर्थन करतात, हेही नोंदवले पाहिजे. त्यांच्या गरजा खऱ्या आहेत, पण त्या भागवण्याची जबाबदारी एका संपणाऱ्या साठ्यावर ढकलणे न्याय्य नव्हे. १९८९ साली एक्सॉन व्हाल्डेझ या जहाजातून अलास्काच्या समुद्रात तेल सांडले आणि उत्खननाचे विधेयक मागे पडले.

सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदान घेण्यास १०० पैकी ६० मते लागतात, अर्थसंकल्पाशी जोडलेल्या विशेष विधेयकास मात्र साधे बहुमत पुरते. म्हणून तेलसमर्थकांनी हाच मार्ग वारंवार धरला. १९९५ साली अशा विधेयकावर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी नकाराधिकार वापरला. २००३ साली सिनेटर बार्बरा बॉक्सर यांनी सभागृहात बंगालमध्ये जन्मलेल्या शुभंकर बॅनर्जी यांचे या अभयारण्याचे छायाचित्र दाखवले, आणि ५२ विरुद्ध ४८ मतांनी उत्खननाची तरतूद वगळली गेली. २००५ साली अलास्काचे सिनेटर टेड स्टीव्हन्स यांनी ती संरक्षणखर्चाच्या विधेयकास जोडली, पण ६० मते जमली नाहीत.

अखेर २०१७ च्या करकायद्यात, दहा वर्षांत एक अब्ज डॉलरहून अधिक महसूल मिळेल या अंदाजावर, उत्खननासाठी भाडेपट्ट्यांच्या लिलावाची तरतूद घुसवली गेली. प्रत्यक्षात जानेवारी २०२१ च्या पहिल्या लिलावात सुमारे १ कोटी ४४ लाख डॉलरच्याच बोली आल्या, त्याही बहुतांशी अलास्का राज्याच्याच एका संस्थेच्या. आणि जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या लिलावात एकही बोली लागली नाही. तरीही त्याच वर्षीच्या जुलैमधील कायद्याने आणखी चार लिलाव बंधनकारक केले आहेत. महसुलाचा युक्तिवाद बाजारानेच खोटा ठरवल्यावर या लिलावांना आधार उरत नाही. अमेरिकी काँग्रेसने २०१७ आणि २०२५ च्या या तरतुदी रद्द कराव्यात आणि १९८० साली बाहेर ठेवलेल्या १५ लाख एकरांना ‘वाइल्डरनेस’ हा दर्जा आता कायद्यानेच द्यावा.