भिंतीतली सीमारेषा

सीमा म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. घरात मराठी आणि अंगणाबाहेर दुसरी भाषा, अशा मुलखातच आपण वाढलो. पण आपल्या घराच्या भिंतीतही एक सीमारेषा असते. टेलिफोनची तार कोठपर्यंत सरकारची आणि कोठून घरमालकाची, ही ती रेषा. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत ती बरीच सरकली आहे.

१८८२ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे टेलिफोन केंद्रे सुरू झाली. १८८५ मध्ये तारायंत्राचा कायदा झाला आणि टेलिफोनही त्याच्याच छत्राखाली आला. त्याच्या दहाव्या कलमाने सरकारला कोणाच्याही जागेवरून वा जागेखालून तार नेण्याचा अधिकार दिला. मात्र त्या जागेवर वापरापुरताच हक्क मिळेल, अशी अटही घातली. थोडक्यात, भिंत तुमची, तार सरकारची. कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा आणि आमचे बडोदे गायकवाडांचे संस्थान. १ मे १९४९ रोजी ते मुंबई राज्यात विलीन झाले, १ मे १९६० रोजी आम्ही गुजरातेत आलो. राज्ये बदलली, पण टेलिफोन दिल्लीच्याच हाती राहिला. त्याला आम्ही ‘खाते’ म्हणत असू आणि गुजराती शेजारी ‘खातुं’. दोघांचा अर्थ एकच.

खात्याच्या काळात खांबावरच्या डीपीतून तांब्याच्या दोन तारा घरात येत, रोझेटशी थांबत आणि तेथून काळ्या यंत्रापर्यंत जात. यंत्रासकट सारे खात्याचे. बिघाड झाला की लाइनमनची वाट पाहायची. आपल्याला अधिकार नव्हता, तशी जबाबदारीही नव्हती. शिवाय केंद्रातल्या बॅटऱ्यांचा सुमारे ४८ व्होल्टचा प्रवाह त्याच तारांतून येई. म्हणून घरातले दिवे गेले, तरी फोन चालत असे.

अमेरिकेतही पूर्वी अशीच स्थिती होती. यंत्र कंपनीचे आणि घरातली तारही कंपनीची. १९६८ च्या कार्टरफोन निर्णयाने ग्राहकाला स्वतःचे यंत्र जोडण्याची वाट मोकळी झाली. ऐंशीच्या दशकात घरातल्या तारांची जबाबदारी घरमालकाकडे गेली आणि बाहेरच्या भिंतीवरची एक लहानशी पेटी हीच सीमा ठरली.

आपल्याकडे १९९४ च्या धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडले. १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगम अस्तित्वात आले. जानेवारी २००५ पासून त्याच तांब्याच्या तारांवरून ब्रॉडबँड मिळू लागले आणि घरातल्या तारेचे महत्त्व लोकांना कळले. खोल्याखोल्यांत समांतर जोड देऊन ओढलेली तार बोलण्यापुरती ठीक होती, पण इंटरनेटला ते जोड बाधू लागले. तार आत शिरते तेथेच स्प्लिटर बसवावा लागे.

आता काचतंतू आला आहे. त्यातून प्रकाश जातो, वीज नाही. म्हणून घरातल्या पेटीला घरचाच वीजपुरवठा लागतो. वीज गेली की पेटी बंद आणि तिच्यावरचा फोनही बंद. पूर्वी जी जबाबदारी केंद्रातल्या बॅटऱ्यांवर होती, ती गाजावाजा न होता आपल्याकडे आली. मुले पुण्यात वा परदेशात आणि आईवडील घरी एकटे, अशी घरे आपल्या समाजात थोडी नाहीत. पावसाळ्यातल्या काळोख्या रात्री त्या घरांत हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

मी राहतो त्या हरणीत जुन्या घरांशेजारी सदनिका उभ्या राहत आहेत. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही वापरापुरत्या हक्काचे जुने तत्त्व राखले आहे. पण इमारतीतल्या तारांचा नीट हिशेब आपला आपणच ठेवायला हवा. घर घेताना बिल्डरला विचारावे, जिन्यातून प्रत्येक घरापर्यंत रिकामी नळी टाकली आहे का? ती विजेच्या तारांपासून वेगळी आहे का? कंपनीची हद्द कोठे संपते, हे सोसायटीने लिहून घ्यावे आणि त्याचा नकाशा दप्तरी ठेवावा. पेटीला छोटी बॅटरी जोडावी. वृद्धांच्या उशाशी चार्ज केलेला मोबाइल असू द्यावा. एवढे काम या दिवाळीच्या साफसफाईबरोबर सहज उरकेल.